आधी सीट, मग हँडल: कोकणातल्या चढ-उतारांसाठी सायकल अंगाला कशी बसवावी

रत्नागिरीहून भाट्ये पूल ओलांडला, की सुरूच्या बनापर्यंत रस्ता सपाट. मग चढ लागतो तो थेट गोळपच्या सड्यापर्यंत, म्हणजे वरच्या कातळपठारापर्यंत. नवी गिअरची सायकल घेतलेली मंडळी या चढावर पहिल्यांदा म्हणतात, "ढोपरं दुखायला लागली रे." घरी जाऊन गरम पाण्याची पिशवी घेतात आणि ठरवून टाकतात, की आपलं वय झालं. वयाचा काही संबंध नसतो. बहुतेक वेळा सीट दोन-तीन बोटं खाली असते, एवढंच.

हे मी स्वतःवरून सांगतोय. पहिल्या वर्षी आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला गेलो, जेमतेम पंचवीस किलोमीटर, आणि परतताना सायकल टेम्पोत टाकून आणली. सायकल घेताना मीच हट्ट धरला होता, की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. टेकत होते. बाकी काहीच धड होत नव्हतं.

देशावरच्या सपाट रस्त्यावर बसण्यातली चूक महिनोन् महिने लपून राहते. आपल्याकडे नाही. इथे रस्ता खाडीवर उतरतो, पूल ओलांडतो, सड्यावर चढतो आणि पुन्हा पुढच्या खाडीकडे सुटतो. चढताना गुडघे तक्रार करतात, उतरताना मनगटं, आणि सड्यावरच्या वाऱ्यात वाकून चालवताना मान. त्यामुळे सायकल आधी अंगाच्या मापाची करून घ्या, लांब जायचं नंतर बघू.

सामान आणि तयारी

पाच आणि सहा नंबरची अ‍ॅलन की (षटकोनी चावी), शिंप्याची टेप, एक जाड पुस्तक, रंगीत इन्सुलेशन टेप, आणि एक ओळंबा. गवंड्याचा खरा ओळंबा मिळाला तर उत्तमच, नाहीतर दोरीला जड नट बांधा. पाणसळ घरात नसेल तर मोबाइलमधली चालते. सोबतीला एक माणूस हवा, कारण सीटवर बसून स्वतःचा गुडघा बाजूने बघता येत नाही. रोज जे घालून चालवणार तेच पायात घाला. जाड तळाची सँडल आणि पातळ स्लीपर यांत एक-दीड सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, आणि सीटच्या हिशेबात तो मोठा असतो.

सायकल मुळात तुमच्या मापाची आहे का

दुकानात "सव्वीसची की एकोणतीसची?" असं विचारतात, तेव्हा ते चाकाचं माप असतं. तुमच्या उंचीशी संबंध असतो फ्रेमच्या मापाचा. जुन्या दांड्याच्या काळ्या सायकली बावीस इंची, चोवीस इंची म्हणून विकल्या जात, ते मात्र फ्रेमचं माप होतं. त्यामुळे घरातली जुनी माणसं आणि दुकानदार बोलतात वेगवेगळं, नवखा गोंधळतो, आणि एकोणतीस म्हणजे मोठ्या माणसाची असं समजून मोठी सायकल घरी आणतो.

तपासायला सोपं आहे. सायकलचा दांडा दोन पायांमध्ये घेऊन, पावलं जमिनीवर सपाट टेकवून उभे राहा. जांघ आणि दांडा यांत रस्त्याच्या सायकलीला दोन-तीन सेंटिमीटर, माउंटन सायकलीला पाच किंवा जास्त जागा उरली पाहिजे. दांडा टोचत असेल तर फ्रेम मोठी आहे, आणि मोठ्या फ्रेमवर इलाज नाही. सीट कितीही खाली घेतली तरी हँडल लांबच राहणार. थोडी लहान फ्रेम मात्र सीटपोस्ट (सीटखालची, फ्रेममध्ये शिरणारी नळी) आणि स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा पुढचा तुकडा) बदलून चालवून घेता येते. दोन मापांमध्ये अडकलात तर लहान घ्या.

सीटची उंची

इथे घाई करू नका. अर्धी दुखणी याच एका मापात असतात.

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, पावलांत वीतभर अंतर ठेवा. पुस्तक दोन पायांमध्ये कणा वर करून धरा आणि सीटवर बसल्यासारखा दाब येईल इतकं वर दाबा. जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं माप म्हणजे पायाची आतली लांबी. पँटचं माप इथे उपयोगाचं नाही, ते नेहमी कमी भरतं.

या लांबीला ०.८८३ ने गुणलं, की क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. हे सूत्र टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत तीन वेळा जिंकणाऱ्या ग्रेग लेमंडच्या नावाने ओळखलं जातं. दुसरी पद्धत लांबीच्या १०९ टक्के धरते, पण ती खाली गेलेल्या पायडलच्या आसापासून मोजते. समजा तुमची लांबी ७८ सेंटिमीटर आहे. पहिल्या हिशेबाने ६८.९ येतात. दुसऱ्याने ८५ येतात. त्यातून नेहमीच्या १७० मिलिमीटरच्या क्रँकचे १७ वजा करा, म्हणजे ६८. दोन्हींत जवळपास एक सेंटिमीटरचा फरक. यावरूनच ध्यानात घ्या, की सूत्र तुम्हाला दारापर्यंत सोडतं. आत तुम्हालाच जायचंय. नवख्याने दोन्हींतली कमी उंची धरून सुरुवात करावी.

आता टाचेची परीक्षा. सायकल भिंतीला टेकवा किंवा सोबत्याला धरायला सांगा. सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि उलटं फिरवा. पायडल सर्वांत खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. टाच सुटत असेल किंवा टाच पोचवायला ढुंगण एका बाजूला कलत असेल, तर सीट वर आहे. गुडघ्यात बाक उरत असेल, तर खाली आहे. हे जमलं, की टाचेऐवजी चवडा पायडलवर ठेवा. गुडघ्याला आपोआप हलका बाक येतो, साधारण २५ ते ३५ अंशांचा. तो मोबाइलवर बाजूने फोटो काढून बघता येतो.

सीटपोस्टवर एक रेघ कोरलेली असते. ती रेघ फ्रेमच्या आत बुडालेलीच हवी. रेघ बाहेर आली तर पोस्ट मोडू शकते, आणि ती मोडते ती नेमकी खड्ड्यात.

एवढं झालं, की प्रत्येक नवखा हेच म्हणतो: "पण आता पाय टेकत नाहीत!" टेकणार नाहीतच. योग्य उंचीवर बसल्या बसल्या फार तर पायाची बोटं टेकतात. लहानपणी तासावर भाड्याने आणलेली सायकल आपण दांड्याखालून पाय घालून शिकलो, आणि मोठेपणी बसून पाय टेकायची सवय लावून घेतली. ती सवय मोडायला दोन संध्याकाळी पुरतात. शाळेच्या मैदानात किंवा सड्यावरच्या मोकळ्या रस्त्यावर जा. निघताना सीटवर बसू नका. दांडा पायांत घेऊन उभे राहा, डावा पाय जमिनीवर ठेवा आणि उजवं पायडल पुढे-वर घ्या, घड्याळात दोन वाजल्यासारखं. उजव्या पायाने दाबलंत, की अंग आपोआप वर उचललं जातं आणि सीट खाली येऊन मिळते. थांबताना ब्रेक दाबत उजवं पायडल खाली आणा, त्यावर उभे राहा, सीटवरून पुढे उतरा आणि डावा पाय रस्त्याच्या कडेला टेकवा. हे जमेपर्यंत सीट एक-दोन सेंटिमीटर खाली ठेवलीत तरी हरकत नाही. मात्र त्या उंचीवर भाट्याचा चढ चढायला जाऊ नका.

सरावाला समुद्रावर जायचा मोह होतो, ओहोटीची कडक वाळू बघून तर फारच. एकदा हौस म्हणून ठीक आहे. पण चेनमध्ये खारट वाळू गेली, की पुढचे दोन दिवस सायकल जात्यासारखी घरघरते.

सीट पुढे-मागे

सीटच्या खाली दोन दांड्या असतात. त्यांवर सीट पुढे-मागे सरकते. क्रँक आडवे करा, पुढचं पायडल घड्याळातल्या तीनवर. गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथून सोबत्याने ओळंबा सोडावा. दोरी पायडलच्या आसावरून गेली, की सुरुवातीला ठीक. हा काही निसर्गनियम नव्हे. मांडीचं हाड लांब असलेल्यांना सीट थोडी मागे बरी वाटते. पण सीट फार पुढे आली, तर चढावर गुडघ्याच्या वाटीवर दाब येतो आणि सपाटीवर सगळं वजन हातांवर.

एक सांभाळा. सीट मागे सरकवली, की पायडलपासूनचं अंतर थोडं वाढतं, आणि पुढे घेतली की कमी होतं. म्हणून सरकवल्यावर टाचेची परीक्षा पुन्हा करा.

सीटचा कल पाणसळीने सपाट ठेवा. पुढचं नाक फार तर एक-दोन अंश खाली. नाक वर असेल तर नाजूक जागी मुंग्या येतात. फार खाली असेल तर माणूस घसरगुंडीसारखा पुढे येत राहतो आणि स्वतःला हातांनी मागे ढकलत राहतो. असा माणूस तुम्हाला सांगेल, की मनगटं दुखतात. तो हँडल बदलेल, ग्रिप बदलेल, हातमोजे घेईल. सीटकडे त्याचं लक्षच जाणार नाही.

आणि ते जाड जेलचं कव्हर घेऊ नका. आपलं वजन बैठकीच्या दोन हाडांवर पेललं गेलं पाहिजे. गादी फार मऊ असली, की हाडं आत रुततात आणि मधला मऊ भाग दाबला जातो. दहा किलोमीटरपर्यंत सुख वाटतं, पुढे शिक्षा. हाडांतल्या अंतराएवढी रुंद आणि बऱ्यापैकी घट्ट सीट जास्त टिकाऊ सुख देते. नवीन सीटवर पहिले आठ-दहा दिवस हाडं दुखणं चालायचंच. बधिरपणा मात्र चालवून घेऊ नका. दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडं पायडलवर उभे राहा, आणि तरीही बधिरपणा येत असेल तर सीटची उंची आणि कल पुन्हा तपासा.

हँडल

सीट पक्की झाल्यावरच हँडलला हात लावायचा. हँडल जवळ यावं म्हणून सीट पुढे ओढणं हा उलटा कारभार झाला.

सुरुवातीला हँडल सीटच्या बरोबरीने किंवा किंचित वर असावं. जुन्या पद्धतीच्या स्टेमवर वरचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करून त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून ठोकला, की आतली पाचर सुटते आणि हँडल वर घेता येतं. तिथेही कमाल उंचीची रेघ असते. नव्या सायकलींवर स्टेमखालचे गोल स्पेसर वर-खाली करतात किंवा स्टेम उलटा बसवतात. हे काम पहिल्यांदा मेकॅनिकसमोर उभं राहून करून घ्या, कारण बोल्ट चुकीच्या क्रमाने आवळले तर हँडल ढिलं राहतं किंवा जड फिरतं.

अंतर बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं? भजनात पेटीवाल्याचे हात बघा. खांदे खाली, कोपरं सैल, बोटं मोकळी. हँडल धरल्यावर तसंच हवं. चालवताना ग्रिपवर पेटी वाजवल्यासारखी बोटं हलवता आली, तर हातांवर वजन नाही. बोटं हलवताना पुढे कोसळल्यासारखं वाटलं, तर हँडल लांब किंवा खाली आहे, नाहीतर सीटचं नाक खाली झुकलंय. कोपरं ताठ आणि खांदे कानांना टेकलेले असतील, तर मान दुखणारच. स्टेम ९० मिलिमीटरचा काढून ७० चा लावला, तरी बराच फरक पडतो. उलट गुडघे कोपरांना लागत असतील, तर हँडल फार जवळ आहे.

वाकायचं कुठून, हेही शिकावं लागतं. भाताची लावणी करणाऱ्या बायका दिवसभर वाकतात त्या खुब्यातून. पाठीची कमान करून कोणी एक चोंढासुद्धा लावू शकणार नाही. सायकलवर तसंच. बेंबी हँडलकडे न्यायची, डोकं नव्हे. पाठ पोक काढून वाकलात, की कंबर धरते आणि मान वर उचलून रस्ता बघावा लागतो.

ब्रेकच्या लिव्हर दुकानातून बहुधा आडव्या येतात. त्या थोड्या खाली फिरवा, इतक्या की कोपर ते बोटं एका सरळ रेषेत येतील आणि मनगट मुडपणार नाही. हात लहान असतील, मुलं आणि पुष्कळ बायकांचे असतात, तर लिव्हरच्या मुळाशी एक बारीक स्क्रू असतो. तो आवळला की लिव्हर ग्रिपच्या जवळ येते. हा स्क्रू कोणी दाखवत नाही. आरे-वारेच्या उतारावर बोटं पुरत नसल्याचं कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दाबली जातेय. हात बदलत राहा, मनगट सरळ ठेवा, हातांवरचं वजन कमी करा. टायरमधली हवाही बघा: बाजूला छापलेल्या कमाल मर्यादेपर्यंत ठासून भरली, तर जांभ्याच्या खडबडीत रस्त्याचा प्रत्येक दणका थेट तळहातात येतो. कमाल आणि किमान यांच्या मधली हवा ठेवा.

चढताना आणि उतरताना

पायडलवर चवडा, पायाची बोटं किंवा टाच नव्हे. चालताना तुमची पावलं जितकी बाहेर वळतात, तितकी पायडलवरही वळू द्या. जबरदस्तीने सरळ केली तर गुडघ्याची बाजू दुखते.

चढ दिसला, की चढ लागायच्या आधीच गिअर हलका करा. पूल संपतानाच, चेनवर ताण यायच्या आत. जड गिअर रेटत पाय दाबणं हे नवख्याला मर्दुमकीचं वाटतं, आणि सीट बरोबर असली तरी गुडघे त्यानेच जातात. मोजायचं असेल तर एक गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. सपाटीवर १८ ते २२ वेळा, म्हणजे मिनिटाला सत्तर ते नव्वदच्या आसपास. चढावर साठ झाले तरी चालतं. तेही होत नसेल तर उतरून ढकला. यात लाज नाही. गोळपच्या चढावर मी अजूनही एखाद्या दिवशी ढकलतो.

उतारावर दोन्ही पायडल आडवी, ढुंगण सीटच्या मागच्या भागावर किंवा किंचित वर उचललेलं, कोपरं सैल, गुडघे स्प्रिंगसारखे. ब्रेक दोन्ही, आणि वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर नाही. पावसाळ्यात कडेला शेवाळ असतं आणि लाल माती वाहून आलेली असते, तिथे वळणात ब्रेक दाबलात तर सायकल एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.

कुठे दुखतं, त्यावरून काय बदलायचं

गुडघा पुढून दुखतो: सीट वर घ्या, मग थोडी मागे, आणि गिअर हलका. गुडघ्यामागे ओढ बसते: सीट खाली. मागून येणाऱ्याला तुमचं ढुंगण डावी-उजवीकडे डुलताना दिसतंय: सीट खाली. कंबर: हँडल जवळ किंवा वर. पायाची बोटं बधिर: चपलेचा पट्टा सैल करा, पाय किंचित पुढे सरकवा.

एका वेळी एकच बदल, तोही तीन ते पाच मिलिमीटरचा, आणि तो घेऊन तीन-चार वेळा त्याच रस्त्यावर जा. माझा रस्ता ठरलेला आहे: भाट्ये, गोळपचा सडा आणि परत. सपाट, चढ, वारा, उतार, सगळं त्यात येतं. तवसाळला जायला जयगडच्या फेरीबोटीत चढलो, की मी मुद्दाम सायकल कठड्याला लावून जरा फिरतो. तासभर बसून उठल्यावर पहिली दहा पावलं काय सांगतात, ते वहीत लिहून ठेवतो. बदल करूनही दुखणं दोन आठवड्यांत जात नसेल, गुडघ्यावर सूज असेल किंवा बधिरपणा रात्रीही राहत असेल, तर अ‍ॅलन की बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

कपड्यांबद्दल थोडंसं. गादीची सायकलिंग शॉर्ट घालत असाल तर आत दुसरं काही घालू नका, शिवणच टोचते. आपल्या दमट हवेत घामाने जांघा सोलवटतात. त्यावर बाहेरची महाग मलमं मिळतात, पण घरात मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल असेल, तर तेच हातावर चोळून लावा. टाचांच्या भेगांसाठी आजी ठेवायची तेच. खोबरेलही चालतं, फक्त कपड्याला डाग पडतो.

सगळं मनासारखं झालं, की सीटपोस्ट फ्रेममध्ये जिथे शिरतो, त्याच्या लगत वर रंगीत टेपचा एक वेढा द्या. घरात दोघं एकच सायकल वापरत असतील तर दोन रंग. याचा खरा उपयोग पुढे कळतो. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट असा धरतो, की दोन पावसाळे न हलवलेला पोस्ट मेकॅनिकच्या हातोड्यालाही दाद देत नाही. पावसाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा पोस्ट पूर्ण बाहेर काढा, फडक्याने पुसा, ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि टेपच्या खुणेपर्यंत परत आत घाला. मात्र फ्रेम किंवा पोस्ट कार्बनचा असेल तर साधं ग्रीस लावायचं नाही, त्यासाठी वेगळी पेस्ट मिळते.